अर्धा इंच

मास्तरांनी धाकट्या भावाच्या पँटची मागची शिवण उसवली, कमरेत अर्धा इंच आत घेतली आणि जिन्यावर बायकोची पावलं ऐकून पँट घाईघाईने एका अर्धवट कोटाखाली सरकवली.

बायको आत आली. तिने कापायच्या टेबलाच्या कडेला अर्धा कप चहा ठेवला. या टेबलावर भरलेला कप आणायचा नाही, असा दुकानाचा नियमच होता.

"डॉक्टर पुन्हा विचारत होते," ती म्हणाली. "अजून किती दिवस लावणार आहात?"

"बघू."

"तुमचं 'बघू' ऐकून माझे कान किटले. सख्खा भाऊ आहे तुमचा. त्याच्या तोंडाकडे तरी बघा."

"त्याच्या तोंडाकडे बघूनच म्हणतोय, बघू."

ती कपाळाला हात लावून वर गेली.

गणित तसं दुसरीतल्या पोरालाही सुटेल इतकं सोपं होतं. दोन भाऊ, चार किडन्या. त्यातल्या दोन संपावर गेलेल्या, दोन ठणठणीत. एकेक वाटून घेतली की झालं. रक्तगट जुळला होता. अडलं होतं ते मास्तरांच्या एका होकारापाशी. घरात दोन लहान मुली होत्या. ऑपरेशनच्या टेबलावर काही कमीजास्त झालं, तर त्यांनी कोणाकडे बघायचं? मास्तर घाबरले होते आणि स्वतःपुरतं ते कबूलही करत होते.

धाकट्याची बेकरी दुकानाला लागूनच, मध्ये एकच भिंत. लहानपणापासून सगळे त्याला ढोल्या म्हणत, आणि तोही त्या नावाला जागला होता. पण गेल्या चार महिन्यांत हे नाव त्याला शोभेनासं झालं होतं. गाल बसले होते. स्वतःच्या भट्टीतला पाव तो नुसता हुंगायचा आणि ट्रेमध्ये परत ठेवायचा. पहिला घाणा उतरला की तळ्याला तीन फेऱ्या मारून यायचा. सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं.

त्याच्या दोन पँटी होत्या. इस्त्रीला म्हणून तो त्या भावाकडे टाकायचा, आणि दर दहाबारा दिवसांनी मास्तर त्या गुपचूप अर्धा इंच आवळायचे. कापड कापत नसत, शिवणीतली जादा माया आतल्या आत दुमडून ठेवत. मग रविवारी धाकटा आरशासमोर उभा राही.

"दादा, मी बारीक झालोय का रे?"

"छे! होतास तसाच आहेस, ढोल्या."

"खरंच?"

"पँट बसतेय ना कमरेला पहिल्यासारखी? मग झालं तर."

धाकटा तोंड पाडून निघून जाई. पण खरं सांगितलं असतं तर पुढचा विषय आपोआप निघाला असता, आणि तोच त्यांना नको होता.

आठवड्यातून तीन वेळा दोघे भाऊ आपापली दुकानं बायकांवर सोपवून इस्पितळात जात. एक पलंगावर, एक शेजारच्या स्टुलावर. चार तास मशीन रक्त धुऊन काढी, आणि तेवढा वेळ दोघे इतकी टिंगलटवाळी करत, की नर्स येऊन दटावून जाई. परतताना ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत. कोण कोणाला सावरतोय, हे बघणाऱ्याला कळत नसे.

त्या दिवशी दुपारी धाकटा बेकरीतून सरळ दुकानात आला. भुवयांवर पीठ होतं.

"दादा, माप घे."

मास्तरांनी टेप काढली. कितीही उकडत असलं तरी त्यांच्या शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण लावलेलंच असे. त्यांनी भावाच्या कमरेला टेप गुंडाळली. पस्तीस.

"चाळीस," मास्तर म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

धाकटा हसायला लागला. इतका हसला की भुवयांवरचं पीठ टेबलावर सांडलं.

"दादा, तुझ्याकडे टेप आहे. माझ्याकडे काय आहे?"

"काय?"

"पिठाची पोती तोलायचा काटा! रोज सकाळी पोतं उतरवलं की मी चढतो. चौदा किलो गेलेत."

मास्तरांच्या हातून टेप गळाली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या अर्ध्या इंचापासून. शिंप्याचा भाऊ आहे मी. नवा दोरा ओळखणार नाही होय? दर रविवारी तोंड पाडता पाडता माझे हाल झाले. भट्टीपाशी जाऊन हसून घ्यायचो."

त्याने खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून समोर ठेवली. मास्तरांनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली. डोळे भरून आले तसा चष्मा काढून ठेवला.

"आणि पोरी?"

"आज काट्यावरचा आकडा पोरींनीच वाचला. टाळ्या पिटल्या दोघींनी."

"मला भीती वाटते रे."

"मलाही वाटते. दोघं मिळून घाबरू, त्यात काय!"

मास्तरांनी कोटाखालची पँट ओढली, मोठी कात्री उचलली आणि चार महिने आत दुमडून ठेवलेलं कापड एका दमात कापून टाकलं. आता ती पँट पुन्हा चाळीसची होणार नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "हो."

धाकट्याने भावाला मिठी मारली, पिठाने पांढरा केला आणि जिन्याकडे धावला.

"वहिनी, दादा हो म्हणाला! दहा किलो उतरल्याशिवाय डॉक्टर माझी किडनी काढायला तयार नव्हते, आणि हा माणूस चार महिने माझ्या पँटी आवळत बसला होता. आता म्हणतो, घेतो!"