सुतकातली पट्टी

सासूबाईंना जाऊन पाचच दिवस झाले होते. सकाळी न्हाणीघरात मृणालच्या हातातल्या पट्टीवर दोन गडद रेघा उमटल्या. बीज सुटायची ही खूण बेचाळिसाव्या वर्षी, तीन कोऱ्या महिन्यांनंतर दिसली होती.

पण घरात सुतक होतं. तिचा नवरा हेमंत आईच्या दिव्यापाशी चटईवर एकटाच निजत होता. तिने पट्टी पदरात गुंडाळली.

"काय लपवतेस गं?" चुलतसासूने दारातच गाठलं.

"मूल राहायचे हेच दोन दिवस असतात, काकू. जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू."

"पुढचा महिना कुणी बघितलाय?"

काकूंनी दिव्यात तेल घातलं. मग त्यांनी पुतण्याची चटई स्वतःकडे ओढली.

"हेमंता, आज रात्री दिवा मी राखते. तू आत नीज."

"अगं काकू, सुतक आहे..."

"तुझ्या आईला काय सांगायचं, ते मी सांगेन."