आतून आलेला शब्द

भावाने काचा घासायचं मशीन पुसून लख्ख केलं होतं. तेवढ्यावरूनच ताईला कळलं, की मशीनला गिऱ्हाईक ठरलं.

“काय रे फुपाखलू,” ती दारातूनच म्हणाली.

“हळू बोल, दुकान आहे!” त्याने मान काढून बाहेर पाहिलं. “बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही मी त्या नावाचा. आई गेली, आता तू एकटीच उरलीस छळायला.”

तीन वर्षांचा असताना त्याला फुलपाखरू म्हणता येत नसे. आईने त्याची ती चूक शेवटपर्यंत जपली होती.

“पाच वाजता टेम्पो येतोय न्यायला,” तो म्हणाला. “बस. स्टूल डुगडुगतं, जपून.”

चष्म्याचं दुकान आठ पावलांचं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरची अक्षरं ठसठशीत, खालची मुंगीएवढी. बावीस वर्षं तो लोकांना खालची ओळ वाचायला लावत आला होता. मशीन गेलं की नुसत्या फ्रेमा उरणार होत्या.

“मशीनशिवाय करणार काय तू?”

“महिनाभर थांब. आलेले पैसे डावावर लावतो आणि याहून नवं घेतो.”

काउंटरवर मोबाइल टेकवून ठेवला होता. पडद्यावर खुर्ची रिकामी होती. चार वाजता तिच्यात एक्का येऊन बसणार होता. एक्का म्हणजे ऑनलाइन कॅसिनोवर रोज बारा डाव लाइव्ह खेळणारा आणि त्यातले बहुतेक जिंकणारा माणूस. लाखभर लोक त्याला बघत. कोपऱ्यात कॅसिनोचं नाव आत्तापासूनच लुकलुकत होतं.

“जाहिरातीचे पैसे देतात ते त्याला.”

“देऊ देत की! तुझ्या डॉक्टरला औषध कंपनीची डायरी फुकट मिळते, म्हणून गोळी खोटी होते का? आणि खेळ सरळ आहे हे मला सांगितलं कुणी? तूच ना?”

हे खरं होतं. गेल्या वर्षी त्याने विचारलं, तेव्हा तिने पाठकोऱ्या कागदावर आकृती काढून समजावलं होतं. डावाआधी साइट एक आकडा कुलूपबंद करते. खेळणारा आपल्या मनाचा एक शब्द टाकतो. दोन्ही मिळून निकाल ठरतो. साइटला शब्द ठाऊक नसतो आणि खेळणाऱ्याला आकडा. डाव संपला की कुलूप उघडतं, ज्याला हवं त्याने पडताळून बघावं. तिने शंभर डाव पडताळले होते. शंभरही बरोबर निघाले. तेव्हा तिला तेवढंच माहीत होतं. पण फिजिक्स शिकवणाऱ्या ताईने मान हलवली, की भावाला दुसरी साक्ष लागत नसे.

“मी गणित बरोबर आहे म्हटलं होतं,” ताई म्हणाली. “खेळ नव्हतं म्हटलं.”

“घ्या! काढा आता शब्दाचा कीस. कोडी रचून रचून डोकं असं झालंय तुझं.”

तिच्या कामाला घरात सगळे कोडीच म्हणत. कॉलेजातली नोकरी सुटल्यावर तिला हे घरबसल्या मिळालं होतं. एक कंपनी रोज सकाळी काही आकडे पाठवायची. प्रत्येक आकड्याला सूत्रात बसेल असा एक शब्द तिने शोधून द्यायचा. कशासाठी, ते विचारायचं नाही आणि बाहेर बोलायचं तर मुळीच नाही, असं करारात होतं. आज शेवटच्या आकड्यासाठी तिने शब्द आधीच ठरवून ठेवला होता. त्याच्यापुढे एक, दोन, तीन असे अंक जोडत गेली. चारशे सतराला जुळलं. कॉम्प्युटरवर जुळायला मिनिटही लागलं नाही. पाठवायचं बटण दाबायला मात्र तास गेला.

“माझं कुठे चुकतं सांगू?” भाऊ म्हणाला. “शब्द. एक्का डोळे मिटतो आणि आतून येईल तो टाकतो. मी पोरीचं नाव टाकलं, गावाचं टाकलं. आईचं टाकलं आणि हरलो गं. त्या दिवशी घास उतरला नाही.”

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“मशीन विकू नकोस.”

“कारण दे.”

“एक्क्याला आकडा आधीच कळत असेल तर?”

“तर शब्दही तसा शोधावा लागेल ना? एवढी डोकेफोड कोण करत बसेल?” तो हसला. “पुरावा आहे काही?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. चारला सात कमी होती.

“आजचे बाराही डाव माझ्याबरोबर बघ. मग तुला वाटेल ते कर. माझ्याबद्दलही वाटेल ते वाटू दे.”

“रोज बघतोच की!” ताई पाघळली असं समजून तो खुलला. त्याने आवाज वाढवला, दोन चहा सांगितले.

अकरा डाव झाले. एक्का नऊ जिंकला. भाऊ प्रत्येक वेळी काउंटरवर थाप मारत होता आणि ताईचा चहा तसाच निवत होता. पाचला दहा मिनिटं असताना टेम्पो दाराशी लागला. भावाने मशीनची वायर सॉकेटमधून उपसली आणि हाताभोवती गुंडाळू लागला.

“थांब. बारावा राहिलाय,” ताई म्हणाली.

पडद्यावर एक्क्याने डोळे मिटले. छातीवर हात ठेवला. कितीतरी वेळ तसाच बसला. मग डोळे उघडून टाइप करू लागला.

“मित्रांनो, हा शब्द मला आत्ता, या क्षणी सुचलाय. एकदम आतून. अर्थ मलाही माहीत नाही.” तो अडखळत वाचू लागला. “फु... फुपाखलू. चारशे सतरा.”