टोलमनची पाकिटं

"हे अक्षर त्याचंच ना?" बाईनं विचारलं.

तिचं बोट पाकिटाच्या कोपऱ्यातल्या नावावर होतं. क्लाइड टोलमन. टपालाच्या शिक्क्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. एमस पेटनगिलला ते खटकलं. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी शिक्का बघायचा.

युद्धात 'हॅलोरन' या विनाशिकेवरचं टपाल एमसच सांभाळायचा. शत्रूला कळू नये म्हणून शिक्क्यातलं जहाजाचं नाव छिलून टाकलेलं. पण त्याच्या कडेचा टवका एमस लाखात ओळखायचा. जहाज बुडालं, एमस वाचला आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर घरोघर फिरून त्या शिक्क्याची पाकिटं गोळा करत राहिला.

"दुसऱ्या कुणाचं असणार?" तो म्हणाला. "पण बाई, घरी बायको आहे हे पठ्ठ्यानं कधी बोलून दाखवलं नाही. कुणाला पत्रही लिहायचा नाही. मीच मागं लागून माझ्या आईच्या पत्त्यावर ही रिकामी पाकिटं टाकायला लावली. आठवण म्हणून."

"अबोलच होता तो." लॉर्ना टोलमननं पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली. "त्याला ओळखणारं अजून कुणी आहे का हो?"

"डॉबिन्स होता. मागच्या हिवाळ्यात तोही गेला. आता मी एकटाच."

तिनं पर्स उघडली, तसा एमस कावला. "नवऱ्याची वस्तू बायकोला विकू होय? न्या गुमान!"

ती गेली आणि त्याच्या जिवाला चुटपुट लागली. खरं सांगायचं होतं तेच राहून गेलं होतं. जहाज कलंडलं तेव्हा टोलमननं स्वतःचं लाइफ जॅकेट काढून एमसच्या अंगात चढवलं होतं. "घाल गपचूप, भाषण नको," एवढंच म्हणाला आणि एमसच्या डोळ्यांदेखत लाटांखाली गेला होता.

रविवारी चर्चहून एमस पत्ता विचारत थेट तिच्या गावी गेला. सार्डिन मासळीच्या कारखान्यापलीकडे, खडकावर एकच घर होतं. दार एका उंच, दाढी वाढलेल्या माणसानं उघडलं. दुसरं लग्न केलेलं दिसतंय, एमसला वाटलं. बरंच झालं.

"लॉर्नाबाई आहेत? मी एमस पेटनगिल. त्यांच्या पहिल्या नवऱ्याबद्दल सांगायचं होतं. देवमाणूस हो!"

"या की," तो माणूस बाजूला झाला.

आत लोखंडी शेगडी धडधडत होती. लॉर्ना तिच्यात शेवटचं पाकीट सारत होती. एमसला पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, काय करताय हे!" एमस धावला. "टोलमनची तेवढीच निशाणी उरली होती!"

त्याच्या मागं दाराला कडी लागली.

"कसली निशाणी?" तो माणूस शांतपणे म्हणाला. "पेन्शनच्या कागदांवर सही माझी आहे. क्लाइड टोलमन मीच."