कणकेचा गोळा

केमो सुरू झाल्यापासून सबिनाच्या तोंडाला चव नव्हती, तरी खानावळीतला तांबडा रस्सा तीच करायची. चाखायला मुलगी होती, अरीबा. तिनं तळहातावरचा रस्सा चाटला. “मीठ बरोबर हाय?” सबिनानं विचारलं. “एक नंबर झालाय, अम्मी. बाहेर टेक जरा.” सबिना टेकताच गिऱ्हाइकाची हाक आली, “भाभी, तांबडा आणा की.” तिनं आत येऊन पातेल्यात पळी फिरवली आणि कणकेचा गोळा वर आला, खारटपणा शोषायला टाकलेला. तिचा हात थांबला. याच चुलीवर सबिनाची अम्मीही शेवटपर्यंत केमो घेत रांधायची. मिठाचा अंदाज चुकायचा. सबिना “एक नंबर” म्हणायची आणि अम्मीची पाठ वळली की गोळा सोडायची. अम्मीला तो कधी दिसला नाही, असं सबिनाला आजवर वाटायचं. मागं अरीबाची पावलं वाजली. सबिनानं पळीनं गोळा हळूच तळाशी दाबला.