दाब, सोड

स्टूल हवेत फिरलं आणि सिस्टरच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज दहा वर्षांच्या चित्राने वॉर्डच्या भिंतीला चिकटून ऐकला. स्टूल तिच्या बापाच्या हातात होतं.

धाकट्या भावाचा श्वास थांबत आला होता. म्हणून सिस्टरने ऑक्सिजनचा मास्क काढून हाताने हवा भरायचा रबरी फुगा त्याच्या तोंडावर बसवला. बापाने एवढंच पाहिलं, की ऑक्सिजन काढला. "मारलं माझ्या पोराला," म्हणत तो तिच्यावर सुटला. चुलत्यांनी काचा फोडल्या आणि डॉक्टरला कॉलर धरून जिन्यापर्यंत फरफटत नेलं.

सिस्टर खाटेपासून हलली नाही. डाव्या हाताने तिने फुग्याचा मास्क भावाच्या तोंडावर घट्ट धरून ठेवला होता. "इकडे ये गं," ती चित्राला म्हणाली. "माझा हात गेला. फुगा तू दाब. मी सांगते तसा. दाब. आता सोड."

उडालेली काच कपाळात घुसली, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी चित्रा दाबत राहिली. बापाने पुन्हा स्टूल उगारलं. मग फुग्यावरचा हात कुणाचा आहे ते त्याला दिसलं.

आठ वर्षांनी कॉलेजच्या मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "नर्सिंगच का? आणि सेवा म्हणू नकोस, सकाळपासून तेच ऐकतेय."

चित्राने सगळं सांगितलं.

"भाऊ वाचला?"

"बाहेर बसलाय, मला सोडायला आलाय. सिस्टरचा हात मात्र परत वळला नाही." तिने उजवा हात टेबलावर ठेवला. "त्याच्या जागी हा घ्या."