मेन स्विच

नॅन्सीने नगरच्या घरी टीव्हीमागे काडेपेटीएवढा कॉम्प्युटर बसवला. घरचे फोटो, आईची चर्चमधली गाणी, सगळं त्यात; पुण्यात बसून तिला बघता-ऐकता यावं म्हणून. "दिव्यापेक्षा कमी वीज खातो, पप्पा. फक्त बंद करू नका."

पण पप्पांची सगळी नोकरी नागापूरच्या कारखान्यात वायरमन म्हणून गेलेली. घराला कुलूप लावायचं ते मेन स्विच बंद करूनच. दर रविवारी ते दोघं चर्चला निघाले, की पुण्यात नॅन्सीला काहीच दिसेना. ती फोनवर चिडायची.

शेवटी पप्पांनीच फोन केला. "त्याला छोटी बॅटरी आणलीय. आता मेन बंद केला तरी तुझं यंत्र चालू राहील."

"नको पप्पा, परत करा ती."

"का गं? एवढी ओरडत होतीस की!"

"आधी ओरडायचे. आता ते परत चालू झालं की कळतं, तुमची स्कूटर घरी पोचली."

पुढच्या रविवारी कुलूप काढल्याबरोबर पप्पा तडक आत शिरले.

"अहो, बूट!" आई ओरडली.

"थांब जरा. पोरगी वाट बघत असेल."