गप्प चंची

“वैनी, सभेला पुरेसे सभासद आलेच न्हाईत तर काय करायचं?”

“काय करायचं? सभा उरकून टाकायची.”

कमरेला खोचलेली चंची थरथरली आणि सत्यभामा ताडकन उठली. “अगं बया, चावली की वो ही.”

मल्लिनाथ गालात हसला. हा तिचा धाकटा दीर. नळदुर्गात हमरस्त्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मोडक्या रेडिओंचे भाग जमवून त्यानं हे खूळ जन्माला घातलं होतं. त्याच्या उजव्या वहाणेचा टायरचा जाड तळ कोरून आत सेल, तारा आणि अंगठ्याखाली बटण. सत्यभामाच्या चंचीत पान-सुपारीच्या जागी एक डबी. इकडं अंगठा दाबला की तिकडं डबी थरथरायची. मध्ये तार नाही, दोरा नाही, काही नाही.

“ह्याला दोनच गोष्टी कळत्यात, हाय आन् न्हाय,” तो म्हणाला. “थरथरली तर तुमी चुकलाव. गप्प राहिली तर बरोबर, बिनघोर पुढं बोलायचं. आन् माझ्याकडं अजिबात बघायचं न्हाय. आबारावांची नजर लई तिखट हाय.”

आबाराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. दुष्काळात बायकांनी लांबून उसाचं वाढं डोक्यावर वाहून आणून म्हशी जगवल्या, आणि दूध घेऊन गेलं की आबारावांचा माणूस पाणी तपासायची काच दुधात सोडून चारचौघांत म्हणायचा, पाणी घातलंय. एकदा तर त्यानं सत्यभामाची भरलेली कळशी मोरीत ओतून दिली. त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. तिनं दारोदार फिरून बायका गोळा केल्या, बायकांची वेगळी संस्था काढायची म्हणून अर्ज दिला, आणि बायकांनी तिलाच चेअरमन केलं.

पण सत्यभामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. आबारावांनी नेमकं तेवढंच धरलं. अंगठा उठवणारी बाई संस्था चालवणार कशी? शेवटी असं ठरलं की सहकार खात्याचे साहेब येऊन सगळ्या गावासमोर तिला प्रश्न विचारतील. उत्तरं आली तर संस्था. नाही तर पुन्हा आबारावांच्या दारात कळशी घेऊन मुकाट उभं राहायचं.

म्हणून मल्लिनाथ रोज संध्याकाळी येऊन अंगणात नियम वाचून दाखवायचा आणि मग उलटसुलट विचारायचा. आधी चंची सारखी थरथरायची, पुढं पुढं कमी झाली. तरी सत्यभामाचा सगळा जीव त्या डबीतच. “ही हाय म्हणून निभतंय बघा, भावजी,” ती म्हणायची. “न्हाय तर माझ्या डोक्यात काय ऱ्हातंय?”

सभा मारुतीच्या देवळात भरली. मोक्याची जागा मिळावी म्हणून मल्लिनाथ सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या खांबाशी मांडी ठोकून बसला होता. मागून सगळा गाव लोटला. पायरीशी चपला-वहाणांचा हा ढीग लागला. सत्यभामानं मारुतीला हात जोडले, चंची चाचपली आणि साहेबांसमोर सतरंजीवर बसली.

साहेब शांत माणूस होता. “सभेला पुरेसे सभासद आले नाहीत तर?”

“सभा तहकूब. पुन्यांदा बोलवायची.”

ती थांबली. चंची गप्प. तिच्या जिवात जीव आला.

मग प्रश्नावर प्रश्न आले. नफा कसा वाटायचा, हिशेब कुणी तपासायचा, पंच कसे निवडायचे. प्रत्येक उत्तरानंतर ती क्षणभर थांबायची आणि चंची गप्प राहिली की पुढं बोलायची. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. मागं बसलेली कस्तुराबाई शेजारणीला कोपरानं ढोसायला लागली.

एकदाच तिची नजर चुकून खांबाकडं गेली. मल्लिनाथ मान खाली घालून बसला होता, घामानं निथळत. भित्रं कुठलं, तिच्या मनात आलं. आपण पकडले जाऊ म्हणून गळाठलंय.

आबारावांना राहवेना. “साहेब, मीबी एक इचारतो. दुधाची काच दुधात जास्त बुडाली तर?”

“पाणी घातलेलं आसतंय.”

“आन् पाणी न घालता बुडाली तर?”

हे मल्लिनाथनं कधी वाचून दाखवलं नव्हतं. पण म्हशीखाली जन्म गेला होता तिचा. “धारेचं गरम दूध आसंल. निवू द्यायचं, मग काच सोडायची.”

“चूक,” आबाराव मांडीवर थाप मारून म्हणाले. “बुडाली म्हंजे पाणीच.”

सत्यभामानं चंचीवर तळहात दाबून धरला आणि वाट बघितली. चंची हूं की चूं करीना.

“चूक न्हाय, आबाराव,” ती म्हणाली, आणि बोलत बोलत उभीच राहिली. “माझी कळशी वतली तवा दूध गरम हुतं. तुमच्या माणसानं निवूच दिलं न्हाय. पाणी माझ्या दुधात नव्हतं, खोट तुमच्या काच बघण्यात हुती.”

आबारावांनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे.” आणि तिथंच मांडीवर कागद ठेवून मंजुरीची सही केली.

मग काय विचारता. बायकांनी गुलाल उधळला, हलगी कडाडली, कस्तुराबाईनं सत्यभामाला कडेवर उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आबाराव कधी निघून गेले, कुणाला कळलंही नाही. सत्यभामाला आनंदानं रडू फुटलं. तिनं चंचीवरून मायेनं हात फिरवला. गुणाची गं माझी, एकदाबी थरथरली न्हाईस.

मिरवणूक निघाली आणि तिला चपला सापडेनात. पायरीशी वाकून ती हसत हसत ढीग उपसायला लागली. एक चप्पल मिळाली, मग दुसरी. आणि सगळ्यात तळाशी, सगळ्या गावाच्या चपलांखाली, मल्लिनाथच्या टायरच्या वहाणा होत्या, दोन्ही.